आमच्या भजनी मंडळाचा पहारा

देवाशी माझं बोलणं सतराव्या वर्षीच बंद झालं होतं. आपल्याला मुली नाही, मुलगे आवडतात हे कळल्यावर "मला बदल" म्हणून मी दत्तगुरूंना एकवीस गुरुवार साकडं घातलं. उपवासाच्या साबुदाणा खिचडीनं वजन तेवढं वाढलं, बाकी काही बदललं नाही. तेव्हा रुसलो तो रुसलोच. पुढे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअरला लागलो आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आपल्यासारख्यांना एकत्र आणायचं खूळ डोक्यात शिरलं. ठाणे, कल्याण, डोंबिवली मिळून आम्ही सात जण जमलो. रविवारी भेटायचं, मनातलं बोलायचं, कधी डॉक्टरांना तर कधी कायदा समजावून सांगायला वकीलबाईंना बोलवायचं. ही सगळी जुळवाजुळव माझ्याकडे. माणसं मिळाली, पण बसायला जागा मिळेना. आम्हाला कोण खोली देणार? शेवटी वर्तकनगरातल्या एका छोट्या दत्तमंदिरामागची खोली मागितली आणि अर्जात बेधडक लिहून टाकलं, 'भजनी मंडळ'.

ज्या देवावर रुसलो त्याच्याच घरात मी असा खोटं बोलून शिरलो. सुरुवातीला लाज वाटायची, मग अंगवळणी पडलं. निरोपाच्या पोस्टकार्डावरही मी 'रविवारी पाच वाजता भजन' असंच लिहायचो, म्हणजे घरात कुणी वाचलं तरी पंचाईत नको. झालं भलतंच. डोंबिवलीच्या सतीशच्या आईनं ते कार्ड वाचलं आणि मुलगा भजनी आहे, निर्व्यसनी आहे असं चाळभर सांगत सुटली. बिचाऱ्याला स्थळं दुपटीनं यायला लागली. सतीश नाजूक होता, चालण्यावरून रस्त्यात टोमणे खाणारा. आठवडाभर तोंड मिटून राहायचा आणि खोलीत आला की खदखदून हसायचा, कधी रडायचा. "ही खोली गेली तर मी कुठे जाऊ?" असं तो एकदा म्हणाला, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला होता.

आणि खोली जायची वेळ आलीच. मंदिराचे सेक्रेटरी करंदीकर हे निवृत्त हेडमास्तर. सतीशला त्यांनी एकदा अंगणातच "जरा पुरुषासारखं चालावं" असं सुनावलं होतं. एके दिवशी त्यांनी मला थांबवलं.

"तुमच्या खोलीतून हसणं ऐकू येतं, रडणं ऐकू येतं. भजन तेवढं कधी ऐकू आलं नाही. दत्तजयंतीच्या सप्ताहात दुपारी बारा ते दोन तुमचा पहारा लावला आहे. जमला नाही, तर खोली दुसऱ्या मंडळाला द्यावी लागेल."

सप्ताहात सात दिवस वीणा खाली टेकवायची नसते. एकानं ती गळ्यात घालून उभं राहायचं, बाकीच्यांनी टाळ वाजवत नाम घ्यायचं, हाच पहारा. पुढचा आला की त्याच्या गळ्यात वीणा घालायची आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. हे सगळं मी विचारून घेतलं, पण टाळ काही विचारून वाजत नाही. आमच्यात एकालाच ताल होता, तोही गरब्याचा. आदल्या दिवशी कित्येक वर्षांनी मी हात जोडले. म्हटलं, "बाकी काही नको. फक्त पकडले जाऊ देऊ नकोस."

बारा वाजता सतीशनं वीणा घेतली आणि आम्ही 'दिगंबरा' सुरू केलं. पाच मिनिटांत सात जणांचे सात ताल झाले. पंधराव्या मिनिटाला आम्ही पाढे म्हणत असल्यासारखे म्हणत होतो. सतीशच्या नाकाला खाज सुटली, दोन्ही हात वीणेत अडकलेले, म्हणून ते मी खाजवून दिलं. करंदीकर दारातून सगळं बघत होते. संपलंच, असं मनाशी म्हटलं.

एवढ्यात दर्शनाला आलेली एक म्हातारी कोळीण आमच्यासमोर येऊन उभी राहिली. बाळकुमची हिरामावशी, हे नाव नंतर कळलं.

"काय रं पोरांनो, देवाला उठवाला बसलाव का निजवाला?" असं म्हणून तिनं माझ्या हातातले टाळ काढून घेतले आणि असा काही आवाज लावला की गाभाऱ्यातला पुजारी बाहेर आला. तिच्या मागोमाग आम्हीही ओढले गेलो. एक कधी वाजला, दीड कधी वाजला, कळलं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

दोन वाजले, पण पुढचं मंडळ आलंच नाही. दोन तास वीणा धरून सतीशचे खांदे भरून आले. पुढचं मंडळ चुकलं तर वीणा मंदिरानं घ्यायची, असा तिथला दंडक होता. हिरामावशी टाळ न थांबवता म्हणाली, "मास्तर, घड्याल काय बघता? तुमचीच बारी."

करंदीकर पुढे आले. सतीशनं त्यांच्या गळ्यात वीणा घातली आणि ते रीतीप्रमाणे त्याच्या पायांशी वाकले. आजवर सतीशच्या पाया कोण पडलं होतं? तोही गडबडून त्याच क्षणी वाकला आणि दोघांची डोकी ठणकन आपटली. घाबरलेल्या सतीशच्या तोंडून निघालं, "आयुष्मान भव!"

"बहात्तर झाली, आणखी किती?" कपाळ चोळत करंदीकर म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना. जरा वेळानं मला हळूच म्हणाले, "खोली राहू द्या. ताल तेवढा सुधारा."

पुढच्या रविवारी पाचला हिरामावशी टाळ घेऊन खोलीत हजर! तिच्याशी खोटं बोलवेना. मी सरळ सांगितलं, "मावशी, आम्ही भजनी मंडळ नाही," आणि मग आम्ही कोण आहोत, इथे कशाला जमतो, तेही सांगितलं.

"तं मना तवाच कललं," ती म्हणाली. "भजनी मंडलान येकाला पन टाल धरता येत नाय, मंग दुसरं कायतरी असनारच ना!" मग टाळांची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाली, "माजा धाकला भाव तुमच्यासारकाच होता. त्याला बसाला जागा नव्हती कुटं. निंगून गेला, परत नाय आयला. चला, टाल घ्या."

तेव्हापासून आधी अर्धा तास भजन आणि मग आमचं बोलणं, अशी पद्धत पडली. "मला बदल" म्हणालो होतो तेव्हा दत्तगुरू गप्प बसले. माझं खोटं झाका म्हणालो, तर त्यांनी ते खरं करून टाकलं. किती कृपा झाली, ते मला अजून नीट उमगलेलं नाही. आता काय मागायचं ते मी त्यांच्यावरच सोडलं आहे. मी आपला टाळ वाजवतो, आणि चुकलो की मावशी डोळे वटारते.