आमच्या घरची मोजणी

हे गेल्यापासून घरी येणारं माणूस चहा घेता घेता एखादा किस्सा सांगतं. मग मीही एक सांगते. बघता बघता सगळे किस्से आमच्या अश्विनीच्या सर्व्हेच्या शिक्षणाचेच निघतात. तिच्या वडिलांना दुसरा विषयच नव्हता, त्याला कोण काय करणार.

*

अश्विनीच्या बारावीनंतर पुण्याच्या कॉलेजात ॲडमिशनला गेलो. हे कुरकुंभच्या कंपनीतली रात्रपाळी संपवून तसेच आलेले. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "मुलींना कॉम्प्युटर बरं. जमीनमोजणीच का?"

अश्विनी म्हणाली, "बांधावरनं पप्पा आन् नाना बोलत न्हाईत."

"नाना कोण?"

"सख्खे चुलते. शेजारीच ऱ्हातात."

"कधीपासून बोलत नाहीत?"

"म्हाईत न्हाई. मी तवा नव्हते."

बाईंनी शिक्का मारला.

*

पहिल्या वर्षी शिक्रापूरच्या पुढं एका गावात प्रॅक्टिकल होतं. पोरांनी तीन पायांवरचं मशीन उभं केलं आणि अर्धं गाव गोळा झालं. "रिंगरोड हाय का रेल्वे?" सर सांगून दमले, की ही कॉलेजची पोरं आहेत, शिकतायत. एक आजी चहाची किटली घेऊन आल्या. "चहा घ्या, आन् रस्ता तेवढा गोठ्याच्या पलीकडनं न्या."

दुसऱ्या दिवशी जाऊन बघतात, तर पोरांनी खुंट्या ठोकलेल्या रेषेत आंब्याची रोपं. भरपाईत झाडं धरतात म्हणून रातोरात लावलेली. सरांनी कपाळाला हात लावला, तर आजी म्हणाल्या, "सरकार काय सांगून येतंय व्हय?"

अश्विनीनं घरी येऊन सांगितलं तेव्हा यांना हसू आवरेना. जेवण गार झालं.

*

सुट्टीत ती आमच्याच रानात सराव करायची. लाल-पांढरी काठी धरायला हे. "पप्पा, डावीकडं. अजून. अजून थोडं." सरकत सरकत हे बांध ओलांडून भाऊजींच्या, म्हणजे तिच्या नानांच्या, उसात. भाऊजी तिथंच पाणी धरत होते.

"माझ्या रानात काय करतोयस?"

"पोरगी म्हणली डावीकडं."

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे. "मग नीट धर की. वाकडी हाय काठी."

लग्न होऊन आल्यापासून मी ऐकलेलं दोघा भावांचं बोलणं एवढंच. श्रावणात, कामावर असतानाच, यांच्या छातीत कळ आली. फोन आला तेव्हा मी शाळेत वर्गावर होते.

*

तेराव्याला माझे थोरले भाऊ म्हणाले, "आता पोरीनं रानोमाळ काठ्या घेऊन हिंडायचं का? चांगलं स्थळ बघू."

अश्विनी ताटं उचलत होती. "मामा, तुमच्या प्लॉटची मोजणी मग कुणाकडनं करून घेणार?"

"तो भाग वेगळा."

बोलली खरी, पण कॉलेजला परत गेली नाही. मला एकटीला टाकून जाववेना तिला. मीही म्हटलं, हे वर्ष राहू दे. दुसरं वर्ष अर्ध्यावर राहिलं. कुणी विचारलं, कधी जाणार, तर ती उठून आत जायची.

*

यांनी बांधाच्या सरकारी मोजणीसाठी केलेल्या अर्जाची तारीख यांच्या मागं आली. मोजणीचे साहेब मशीन घेऊन बांधावर हजर.

"अर्जदार कुठायत?"

"ते गेले," मी म्हटलं. "मी त्यांची बायको."

"बरं. मग करू सुरू?"

पलीकडून भाऊजी चालत आले. "साहेब, आज नगं. आमची पोरगी ह्येच शिकतीय. ती पास झाली की ती मोजंल."

"अहो, घरच्या माणसाची मोजणी चालत नाही."

"सरकारला नसंल चालत. मला चालतीय."

"आणि तोवर बांध?"

"हाय तिथं ऱ्हाईल."

भाऊजींनी बांध कोरून कोरून आमच्याकडं सरकवलाय, असं हे शेवटपर्यंत म्हणायचे. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी मशीन पेटीत घातलं.

भाऊजी अश्विनीकडे वळले. "कॉलेजला कवा निघतीस?"

या वेळी ती जागची हलली नाही.

"उद्या, नाना," ती म्हणाली. "सकाळच्या गाडीनं."