लाल ठिपक्याचं ताट

नागपूरच्या लकडगंजात कुसुमताईंकडे खोली मिळाली की पोरीच्या बापाची अर्धी काळजी मिटली, असं लोक उगाच म्हणत नसत. तीन खोल्या, तीन मुली, दोन वेळचं गरम जेवण. नवरा गेल्यावर त्यांनी हे सुरू केलं, त्याला सोळा वर्षं झाली. या सोळा वर्षांत तापात पडलेल्या एकाही पोरीला त्यांनी एकटं सोडलं नाही. "माह्या घरात सगळ्या पोट्ट्या सारख्या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. येईल त्याला ऐकवायच्या, आणि ऐकवता ऐकवता त्यांना स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

आता खोटं कशाला बोला, सगळ्या सारख्या नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी टांझानियाहून फार्मसी शिकायला नेमा आली. सहा घरांनी तिला दारातूनच वाटेला लावलं होतं. ती बॅगा घेऊन कुसुमताईंच्या पायरीवर बसली, तेव्हा त्यांना दया आली आणि त्यांनी खोली दिली. इथवर ठीक. पण संध्याकाळी पानं मांडताना त्यांच्या मनात आलं. ही काळी पोरगी, कुठली कोण, आणि हिचं उष्टं ताट माझ्या ताटांत मिसळणार? बाई गं! त्यांनी एक ताट वेगळं काढलं, काठाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आणि हिंदीत बजावलं, "ये तेरा. इसीमें खाने का. इसमें दूसरा कोई नहीं खाएगा."

नेमानं ते ताट दोन्ही हातांनी घेतलं, छातीशी धरलं आणि म्हणाली, "थँक्यू, आई."

तेव्हाच लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. पोरगी समजूतदार आहे, कटकट मिटली, एवढंच वाटलं. मागच्या पावसाळ्यात कुसुमताईंना डेंग्यू झाला. मुलगा गौरांग पुण्याहून रोज फोन करायचा, आणि नेमा आठ दिवस परीक्षा सोडून उशाशी बसली होती. पेज भरवली, केस विंचरून दिले, ओकारीचं भांडंसुद्धा उचललं. बरं वाटल्यावर ताई भांडी लावायला उठल्या, तर ठिपका घासून फिका झालेला. त्यांनी कपाटातून बाटली काढली आणि ठिपका पुन्हा गडद केला. सवय, दुसरं काय!

नेमाला फिरण्याची भारी हौस. दर रविवारी एक ठिकाण. झिरो माइल झालं, महाराजबाग झाली, फुटाळा तलावावर तर चारदा जाऊन आली. सोबत रितिका. ही कुहीकडच्या खेड्यातली, धानशेतीवाल्या घरातली, याच वर्षी राहायला आलेली. या रविवारी रामटेकचा गड आणि खिंडसीचा तलाव ठरला, तशी नेमा हटूनच बसली.

"आई, तू बी चाल. तू नाई त मले मजा नाई."

मराठी ती कुसुमताईंच्या स्वयंपाकघरात शिकली होती, त्यामुळे बोलायची अगदी त्यांच्यासारखी. बसमध्ये लोक वळून वळून बघत, आणि कुसुमताई मान ताठ करून सांगत, "माह्याकडंच राहते पोट्टी." कौतुक मिरवायला त्यांना आवडायचं.

गड चढून झाला, वानरांनी रितिकाचे फुटाणे पळवले, आणि बारा-साडेबाराला तिघी खिंडसीच्या काठाला झाडाखाली बसल्या. कुसुमताईंनी पुऱ्या, भरली वांगी, सांभारवडी असं सगळं बांधून आणलं होतं. त्या कागदी प्लेटा मांडू लागल्या, तर नेमानं पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं ताट काढलं.

"मले कागदाची काहून? माहं ताट आहे ना!"

"अवं, एवढं वझं कोण आणते?" रितिका हसली. घरी कधी लक्ष गेलं नव्हतं, आता तिची नजर काठावर गेली. "हा लाल ठिपका कायचा वं?"

"आईनं लावला. पहिल्याच दिवशी. या ताटात मीच खातो, दुसरं कोणी नाई." नेमानं भुवया उडवल्या. "तुले दिलं का असं? नाई ना? मले दिलं."

रितिकाचं हसू विरलं. तिनं कुसुमताईंकडे पाहिलं, आणि कुसुमताईंनी पुऱ्यांच्या डब्याकडे. हातातली पुरी हातातच राहिली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते काय, हे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना त्या झाडाखाली कळलं.

तेवढ्यात नेमाच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. पलीकडची बाई कुसुमताईंच्याच वयाची, डोक्याला रंगीत फडकं बांधलेली. ती हसून भराभर बोलत सुटली आणि मग तिनं एक पिवळं ताट कॅमेऱ्यासमोर धरलं. काठावर लाल ठिपका होता.

"आई म्हणते, हे तुहं," नेमा सांगू लागली. "मी तिले सांगतलं होतं ना, माह्या नागपूरच्या आईनं मले लाल ठिपक्याचं वेगळं ताट दिलं. तवा तिनं तुह्यासाठी घेतलं. घरात कोणाले हात लावू देत नाई. लहान भावानं त्यात खाल्लं त मार बसला त्याले! तू येशील तवा तू खाशील."

कुसुमताईंनी हात जोडले. पलीकडच्या बाईला वाटलं, ताई गहिवरल्या. तिनंही हात जोडले.

फोन ठेवून नेमानं भराभर जेवून घेतलं आणि ती नावेचं तिकीट विचारायला पळाली. रितिका जागची हलली नाही.

"काकू, पाटलाच्या गोठ्यात माह्या आजोबाचा चहाचा कप वेगळा राहे," ती हळू आवाजात म्हणाली. "ठिपका नव्हता त्याले. कान तुटलेला होता. आजोबाले ठाऊक होतं, काहून ते. हिले ठाऊक नाई."

"रितिका, पाया पडते तुह्या, सांगू नको तिले."

"मी कशाले सांगू? तुमचं तुम्ही पाहा." आणि ती उठून पाण्याकडे गेली.

कुसुमताई एकट्या बसल्या. मनात हिशेब चाललाच होता, लाजेतही माणूस पळवाट शोधतो. घरी गेल्यावर ठिपका खरवडून टाकू, ताट बाकीच्यांत मिसळून देऊ, कोणाला कळतंय? पण पोरगी विचारेल, माझं ताट कुठं गेलं? मग काय सांगायचं? त्यांना एकच सुचलं. त्यांनी नेमाचं उष्टं ताट पुढं ओढलं, उरलेल्या वांग्याच्या रश्श्यात पुरी बुडवली आणि घास तोंडाकडे नेला.

"आई! नाई, नाई!" नेमा धावत आली, मागोमाग रितिकाही. नेमानं त्यांचं मनगट धरलं. "त्यात कोणी नाई खायचं. तूच सांगतलं. तू बी नाई!"

ती हसत होती. लाडानं दटावत होती. त्या हसण्यापुढं मात्र कुसुमताईंचा धीर सुटला.

"नेमा, बस," त्या म्हणाल्या. "ते ताट मी लाडानं नव्हतं दिलं वं. तुहं उष्टं आमच्या भांड्यात मिसळू नये म्हणून दिलं. तुह्या रंगाची किळस वाटली होती मले. बिमारीत तू माहं सारं काढलं, तरी मी तो ठिपका पुन्हा लावला."

नेमाला पहिल्यांदा समजलं नाही. तिनं रितिकाकडे पाहिलं. रितिकानं मान खाली घातली, तेव्हा समजलं. मनगटावरचा तिचा हात सुटला. तिनं हातातल्या मोबाईलकडे पाहिलं.

"मंग आता," तिनं विचारलं, "माह्या आईले मी काय सांगू?"