भाडोत्र्याचा कुकर

आमचा भाडोत्री वासाबद्दल बोलायचा थांबला, तेव्हा आईचे कान टवकारले.

समुद्राकाठच्या दांडी गावात आमचं घर, मागे एक खोली, आणि त्या खोलीत सोलापूरकडचा एक शाकाहारी माणूस. तारापूरच्या एका केमिकल कंपनीत कंत्राटी ऑपरेटर. मी तिथल्याच दुसऱ्या कंपनीच्या लॅबमध्ये, म्हणून तो मला मॅडम म्हणायचा. घराण्यातली पहिली बी.एस्सी. मी, पण घरात मला मॅडम म्हणणारा हा एकच. आईच्या लेखी मी अजून धड बोंबील टांगता न येणारी मुलगी. त्या एका शब्दासाठी मी त्याच्या वाट्टेल तेवढ्या तक्रारी ऐकून घेतल्या असत्या.

तक्रार मात्र एकच असायची. अंगणात बोंबील वाळत असायचे आणि तो नाकाला रुमाल लावून ओरडायचा, “काकू, ह्यो वास हाय का शिक्षा?”

“तुमच्या कंपनीचा वास चालतो, आमच्या बोंबलांचा चालत नाय?”

हे रोज. चहासारखं.

मग लॉकडाऊन लागला. कंपनीला टाळं, गाड्या बंद. बायको-मुलं गावाकडे, आणि गावातून निरोप, की मुंबईकडच्या माणसांनी इतक्यात येऊ नये. सगळ्या जगाच्या तोंडावर मास्क चढला आणि ह्याच्या नाकावरचा रुमाल उतरला. दारात बसून वाळत्या बोंबलांकडे नुसता बघत राहायचा.

“भाडोत्री वासाचं बोलत नाय,” आई म्हणाली.

“सवय झाली असेल.”

“तुला झाली ती जन्मली तवापासून. त्याला कशी होनार?”

एका दुपारी तो कुकर घेऊन आला. घासून पुसून चकचकीत केलेला. “काकू, ठेवा तुमाला. मला काय करायचाय आता?” आईने घेतला आणि त्याच दुपारी त्यात भात लावला. मला मात्र तो कुकर खटकला.

त्या दिवसांत मोबाईलवर रोज कोणी ना कोणी आत्महत्यांचं काहीतरी पाठवत होतं. एक म्हणे वाढल्या, दुसरा म्हणे वाढणार, तिसरा म्हणे काही ठिकाणी उलट कमी झाल्या. खरं कोणाचं, ते एरवी लॅबमध्ये दिवसभर आकडे बघणाऱ्या मलाही कळेना. आमच्या मागच्या खोलीतून त्यात भर पडू नये, एवढंच मला हवं होतं. माणूस आपल्या चांगल्या वस्तू वाटून टाकायला लागला तर त्याला सरळ विचारावं, असं मी वाचलेलं होतं.

“असं अभद्र विचारू नको गो,” आई म्हणाली.

“विचारणार. उगाच नाही शिकले.”

त्याच्या पायरीपासून लांब बसले, मास्क नीट केला आणि विचारलं, “दादा, जीव द्यायचं मनात येतं का?”

“मॅडम, आसं कोन इचारतं का?”

“मी विचारते.”

त्याची नजर दोरीवरच्या बोंबलांकडे वळली. मग म्हणाला, “येतंय. गावाला नको, कंपनीला नको. माझ्यावाचून कुनाचं अडलंय?”

मी उठले नाही. तिथूनच त्याच्या बायकोला फोन लावायला लावला, मग आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना. त्यांनी पालघरच्या मनाच्या डॉक्टरांशी गाठ घालून दिली, गोळ्या सुरू झाल्या. बाबांनी आपली खाट उचलून त्याच्या दारात टाकली. कारण सांगितलं, घरात उकडतं. एप्रिलमध्ये ते खोटंही नव्हतं.

“कुणाचं अडलंय” याचं उत्तर आईने दिलं. “माजं अडलंय,” म्हणाली आणि त्याच्या हातात काठी ठेवली. “कावळे हाकला.”

“काकू, मी शाकाहारी मानूस!”

“म्हनून तर तुमाला सांगते. राखनदार एक पन खानार नाय.”

पुढे तो कंपनीचे रबरी हातमोजे घालून बोंबील टांगायलाही लागला. आम्ही दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकतो. ह्याने एकेकाच्या शेपटीला सुतळी बांधून, सारखं अंतर ठेवून, रांग लावली. आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

“हे काय वो?”

“लायनीत बरं आसतंय, काकू.”

“बोंबील हायेत ते! त्यांची हजेरी घेनार काय?”

तो हसला नाही. पण संध्याकाळी बायकोला फोनवर हेच सांगताना मी त्याला ऐकलं. काही सकाळी तो उठायचाच नाही. मग आई त्याच्या दारात उभी राहून कावळ्यांना अशा काही शिव्या घालायची, की बाहेर येण्यावाचून त्याला गत्यंतर नसायचं.

“त्याचा कुकर परत दे ना,” मी आईला म्हणायचे.

“नाय. त्याला मागू दे.”

पावसाळा तोंडावर आला होता, बोंबील आवरायची घाई चालली होती. एका सकाळी तो दारात उभा. नाकाला रुमाल.

“काकू, आज लईच घान वास सुटलाय. आन् माझा कुकर द्या. पातेल्यात डाळ शिजंना.”

“दिलेली वस्तू परत मागतं काय कोन?”

“तवा दिला. आता पायजे.”

आई कुरकुरत उठली. सोनं हातातून सुटत असल्यासारखा चेहरा करून तिने कुकर दिला. तो गेल्यावर माझं लक्ष फळीवर गेलं.

“आई, शिट्टी इथेच राहिली!”

“राहू दे,” आई म्हणाली. “उद्या येल भांडायला.”

उद्यापर्यंत थांबावं लागलंच नाही. मागच्या खोलीतून आवाज आला, “काकूऽऽ!”