अप्पांचं डांबर

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी मुडबीत, घरामागं तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. "अक्का, सहा व्होल्टाची जुन्या पद्धतीची बॅटरी बनवायचीय. वर डांबराची. मला जमायना. येतीस का?" मी शेंगा तशाच टाकून उठले. यजमान म्हणाले, बस दुपारची आहे. मला माहीत होतं. तरी पिशवी भरून ओट्यावर जाऊन बसले. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण निवृत्तीनंतर मला असं कामासाठी कुणी बोलावलं नव्हतं.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. त्यांचं कलबुर्गीत बॅटरी दुरुस्तीचं दुकान होतं. तेव्हाच्या बॅटऱ्या उघडता यायच्या. काळ्या कडक रबराचं खोकं, आत शिशाच्या पाट्या, वर तीन झाकणं आणि झाकणांच्या फटी डांबरानं बुजवलेल्या. ते डांबर उकरलं की बॅटरीच्या पोटात हात घालता यायचा. आता बिघडली की टाकायची आणि दुसरी आणायची. भाऊ त्याच दुकानात बसून तेच करतो आणि त्याचं बरं चाललंय. मी त्याला खोकी विकणारा म्हणते. तो चिडत नाही, हीच पंचाईत.

रस्त्याचं डांबर कलबुर्गीच्या उन्हात ओघळतं. अप्पांचं ओघळत नसे, कारण बॅटरीतून उकरलेलं जुनं डांबर ते कधीच टाकत नसत. मुरून कडक झालेलं तेच पुन्हा वितळवायचं, त्यात थोडंसं नवं घालायचं. दहा वर्षांची असल्यापासून ते ओतायचं काम माझ्याकडं होतं. भाऊ तेव्हा रांगत होता. धार बारीक धरायची आणि हात थांबवायचा नाही, थांबला की सुरकुती पडते. माझी पडत नसे. अप्पा गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायचे, "पोरीचा हात बघा."

शेवटचं काम मात्र ते मला करू देत नसत. डांबर निवत आलं की अप्पा एका कोपऱ्यात अंगठा दाबायचे. ही बॅटरी मी भरली, काही झालं तर माझ्याकडं आणा, एवढाच त्याचा अर्थ. त्यांना लिहिता येत नव्हतं, पण त्या खुणेवर रायचूरपर्यंतचे ड्रायव्हर विश्वास ठेवायचे. मी हट्ट धरायचे की ओतली मी, तर अंगठाही मीच लावणार. "उद्या बॅटरी वापस आली तर जबाब कोण देणार? तू तर सासरी जाशील," ते म्हणायचे. रागानं नाही, अगदी सहज. तो सहजपणाच मला लागला. मी सासरी गेले, शाळेत बाई झाले, माझ्या मुलांची लग्नं झाली. अजूनही कुठं रस्त्याचं काम चाललं असलं की बसच्या खिडकीतून मान बाहेर काढून तो वास घेते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लोक हसतील.

भावाचं गिऱ्हाईक म्हणजे कलबुर्गीतले एक डॉक्टर. त्यांच्या आजोबांची मोठी अमेरिकन गाडी होती. गाणगापूरच्या स्टेशनवरून दत्ताच्या देवळापर्यंत ती भाविकांना सोडायची. अख्खं कुटुंब, वर ट्रंका, वळकट्या, सगळं तिच्यात मावायचं. पुढं ती गोठ्यात पडून राहिली. आता डॉक्टरांनी तिला जशीच्या तशी करायला घेतलं होतं. रंग झाला, गाद्या झाल्या, इंजिन झालं. "हैदराबादला प्रदर्शनात बॉनेट उघडून बघतात, मॅडम. प्लास्टिकची बॅटरी दिसली की मार्क कापतात," ते म्हणाले. मार्क कापणारे ते परीक्षक मला न बघताच आवडले. त्या गाडीची बॅटरी अप्पांकडंच येत असणार असं डॉक्टरांना वाटतं. मला आठवत नाही. आठवावी म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केला.

बेत साधा होता. जुनं खोकं पोकळ करायचं, आत आजच्या काळातल्या लहान बंद बॅटऱ्या बसवायच्या आणि वरून झाकणं, शिशाच्या पट्ट्या, बुचं, डांबर, सगळं त्या वेळचं दिसलं पाहिजे. पण जुनं खोकं मिळायला तर हवं. भंगारवाल्यांनी केव्हाच सगळी फोडून टाकलेली. उरलं होतं एकच. अप्पांनी भरलेली शेवटची बॅटरी, जिचं गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही. ती दुकानात फळीवर होती आणि अप्पा गेल्यापासून दर दसऱ्याला, आयुधपूजेत, भाऊ तिला हळदकुंकू लावत आला होता. वर नुसता थर बसला होता.

"पूजेतली हाय रे ही," मी म्हटलं.

"तर काय झालं? पडून काय करायलीय? गाडीत बसली तर अप्पालाच बरं वाटंल."

मला नको म्हणायचंच नव्हतं.

भाऊ चहा सांगायला गेला आणि मी पदर खोचला. लोखंडी पट्टी तापवली, फटीत घातली, डांबर सुटून यायला लागलं. हात सगळं विसरले असतील अशी भीती होती, पण ते माझ्या आधीच पुढं पळत होते. तुकडा निघाला की पट्टीनं हाणून कुंकू झाडायचं आणि कढईत टाकायचा. जुनं डांबर टाकायचं नाही, नियम तो नियम. भाऊ परत आला तेव्हा शेवटचा तुकडा विरघळत होता.

त्यानं खोकं बघितलं, मग कढई बघितली.

"अक्का, अप्पाचा अंगठा?"

"कुठला?"

"कोपऱ्यातला. कुंकवाखाली होता की. पहिल्या दसऱ्याला मी त्यातच कुंकू भरलो होतो."

मी शेगडी बंद केली. कढईत काळं, गुळगुळीत, चकाकणारं डांबर होतं, दुसरं काही नव्हतं. प्रत्येक बॅटरीवर अप्पांचा अंगठा असतो हे या जगात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण मला काम दिसत होतं, अप्पा दिसले नाहीत. दुकानात इन्व्हर्टर विचारायला दोन माणसं उभी होती, त्यांच्यासमोर मी, चौसष्ट वर्षांची बाई, हुंदके देऊन रडले.

"कामून रडायलीस? डांबर तर तेच हाय की," भाऊ म्हणाला.

आतल्या पाट्या काढून खोकं सोड्याच्या पाण्यानं धुऊन वाळवलं. भावानं आतल्या बॅटऱ्या आणि तारा बसवल्या. ते काम त्याचं, मला त्यातलं कळत नाही. मी झाकणं लावली, कढई पुन्हा तापवली आणि ओतलं. एकच सुरकुती पडली, मधल्या बुचाजवळ. अप्पांची नजर आधी तिच्यावरच गेली असती.

डांबर निवत आलं. भाऊ बाजूला सरला. "दाब आता."

"मी?"

"मग काय मी? ओतलीस तू."

"आणि वापस आली तर?"

"तुला फोन लावतो. मुडबी काय अमेरिकेत हाय व्हय?"

मी अंगठा दाबला. चटका बसला, तरी लगेच काढला नाही. उचलून बघितलं तर माझा अंगठा अप्पांच्या निम्म्याएवढाही नव्हता. ज्याच्यासाठी दहाव्या वर्षापासून झुरले ते हातात आलं, आणि त्या क्षणी मला तिथं माझा नको होता, त्यांचा हवा होता.

डॉक्टर बॅटरी बघून खूश झाले. कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "एवढं बुजवता येईल का?"

"न्हाई डॉक्टरसाब, राहू द्या ते," भाऊ म्हणाला. "बिघडली तर कुणाकडं आणायची ते त्यावरनं कळतं." आणि त्यानं त्यांना माझा नंबर लिहून दिला.

त्याला चार महिने झाले. ऊन तापलंय, पण डांबर ओघळलेलं नाही, गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते, असं भाऊ सांगतो. चांगलं आहे. मी फोन जवळ ठेवते. काम करणाऱ्यानं असं मनात आणू नये, पण ती बॅटरी एकदा परत यावी असं मला फार वाटतं.