मलबा, राडारोडा आणि खडी

माझी शेवटची पोस्टिंग जम्मूकडच्या डोंगरात, एका इंजिनियर कंपनीत होती. मी हवालदार, गाव कुंडल. माझ्या सेक्शनमध्ये नाईक युनूस होता, लोणंदचा, गवंड्याचा मुलगा. सुबेदारसाहेब पंजाबचे. दरड कोसळली की रस्ता मोकळा करायचा, हे आमचं नेहमीचं काम. त्या ढिगाऱ्याला कॅप्टनसाहेब डेब्री म्हणायचे, सुबेदारसाहेब मलबा आणि आम्ही राडारोडा. "राडारोडा! ये मलबा है या भांगडा?" असं म्हणून सुबेदारसाहेब पोट धरून हसायचे. युनूसची घरची बोली सातारी हिंदी, म्हणजे निम्मी मराठीच. तिचीही थट्टा व्हायची. गडी ती हसण्यावारी न्यायचा.

एका सकाळी भूकंप झाला. खालच्या वस्तीतलं एक घर बसलं. स्लॅबखाली एक बाई अडकली होती, जिवंत. जमीन अजून मधूनच हलत होती, कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. युनूस अंगानं बारीक. तो फटीतून सरपटत तिच्यापर्यंत पोचला. आता स्लॅब पुढच्या बाजूनं जॅकवर उचलायचा होता. पण मागची भिंत शाबूत असेल तरच. नाहीतर तो मागं घसरून दोघांवर बसला असता.

वायरलेस सेटवर काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. सुबेदारसाहेबांनी युनूसला विचारलं, "पीछे दीवार का क्या हाल है?"

"पीछे सब खडी है, साब."

मी जॅकवर होतो. मला फक्त हुकूम ऐकू आला. "दीवार खडी है. जॅक चलाओ."

मी दांडा दाबला. स्लॅब करकरला. तेवढ्यात आतून युनूसची आरोळी आली, थेट मराठीत.

"आरं थांब! मागं भित न्हाई, खडी हाय, खडी! सगळा चुरा झालाय!"

मी दांडा सोडला. साहेब भडकले. "रुके क्यों? वो भी तो वही बोल रहा है!"

"साब, हमारे यहाँ खडी मतलब टूटा पत्थर!"

साहेबांचा चेहरा उतरला. "टेका लगाओ! जल्दी!"

आम्ही टेकूला लाकडी बल्ल्या घेऊन धावलो, पण स्लॅब सरकायला लागला होता. युनूसनं बाईला पुढं ढकललं. तिचे हात माझ्या हाती लागले. मी ओढलं, ती बाहेर आली आणि स्लॅब मागं बसला. युनूस आतच राहिला. सुबेदारसाहेब तिथंच दगडावर बसून पोरासारखे रडले.

युनूसनं सेटवर चुकीचं सांगितलं, अशी कुजबूज कंपनीत झाली. मी ज्याला त्याला खरं सांगत सुटलो, पण अफवेला पाय फार. ती लोणंदपर्यंत गेली. पेन्शनीत आलो तरी माझा जीव स्वस्थ नव्हता. पलूसच्या रस्त्यावर खडीचा टिपर दिसला की मी तोंड फिरवायचो. शेवटी उठलो आणि युनूसच्या घरी गेलो.

त्याच्या वडलांनी चहा होईपर्यंतही दम धरला नाही. "लोक म्हनत्यात, माज्या पोरानं खबर चुकीची दिली. खरं काय ते सांगा."

मी सगळं सांगितलं. "त्यानं बरोबर सांगितलं, चाचा. आमी चुकीचं ऐकलं."

चाचांनी आपल्या हाताकडं बघितलं. मग म्हणाले, "गवंड्याचं पोर हाय त्ये. खडीला खडीच म्हननार."