अध्यक्षबाईंच्या हातात झाडू

रखमाने आयुष्यभर झाडू मारला तो एकाच हट्टापायी. लेकीच्या हाताला तो लागू नये. जालन्याकडच्या गावात तिच्या सासूला बोलावणं यायचं ते पाटलाचं अंगण झाडायला, आणि नवी मुंबईत दिघ्यात आल्यावर ठेकेदाराने रखमाला उभं केलं तेही रस्त्यावरच. तिने रस्ता झाडला, शिव्या घालत झाडला. घरातला केर मात्र लेकीला, संघप्रियाला, कधी काढू दिला नाही. पोरगी शिकली, ऐरोलीच्या कंपनीत साहेबीण झाली, आणि यंदा वस्तीतल्या बुद्धविहाराच्या समितीने तिला अध्यक्ष निवडलं. रखमाने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. ज्यांच्याशी भांडण होतं त्यांना मुद्दाम आधी दिले.

आणि या पोरीने पहिल्याच रविवारी काय करावं? रखमाने हौसेने घेतलेल्या पांढऱ्या साडीचा पदर खोचला आणि विहाराचा संडास धुवायला घेतला. "विहार आपलं आहे, तर घाण पण आपणच काढू," म्हणाली. "सगळ्यांनी आळीपाळीने. सुरुवात माझ्यापासून."

समितीतले पुरुष हो हो म्हणाले. अध्यक्षांचा साधेपणा मोबाइलवर गाजला, फोटोखाली अंगठ्यांचा पाऊस पडला. पण झाडू धरायला एकही बाप्या फिरकला नाही. एकाची कंबर धरली, दुसऱ्याची ड्युटी लागली. सचिव अंकुश तर कडक इस्त्रीचा माणूस. पुढे पुढे तो चहाचा कप जमिनीवर ठेवून "ताई, हा पण राहिला" म्हणायला लागला.

घरी रखमा रोज लेकीचा उद्धार करायची. "बाई लाव की. समितीला एक बाई ठिवायला काय झालंय? कामून माजी अब्रू घालवायलीस?"

"पुढारी म्हणवतो त्याने आधी वाकावं, माय," संघप्रिया जेवता जेवता म्हणायची.

"आपुन वाकूनच आलोत. तुला ताठ व्हायला शिकवलं."

शेवटी मायलेकींचं बोलणंच बंद झालं. ताट आपटलं की जेवण तयार, एवढं कळायचं.

मग तो रविवार आला. पावसाळाभर वर्षावासाची प्रवचनं चालतात, त्या दिवशी सीवूड्सचे एक निवृत्त प्राचार्य बोलणार होते. ते वेळेआधीच आले. संघप्रिया पायऱ्या पुसत होती. त्यांनी बूट काढले आणि तिच्याकडे सरकवले. "बाई, हे जरा आत ठेवा. भिजतील."

अंकुश शेजारीच उभा होता. एका वाक्याचं काम होतं. पण अध्यक्ष फडकं घेऊन बसल्यात हे सांगायची त्याला लाज वाटली. "ठेवेल ती, सर. तुम्ही या ना," तो हसत म्हणाला.

संघप्रियाने बूट उचलून आत ठेवले. पुढच्या रांगेत बसलेल्या रखमाने ते पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठून सरळ दारात आली.

"सर, ती अध्यक्ष हाय हितली. माजी लेक."

प्राचार्य ओशाळले. त्यांनी हात जोडले. "केवढा हा साधेपणा," म्हणाले, आणि कोणीतरी लगेच फोटोसाठी मोबाइल वर धरला.

"ठिव तो फोन," रखमा कडाडली. "म्या सगळी उमर हेच केलं. माजा फोटू कोनी काढला? मला कोनी अध्यक्ष केलं? तिनं केलं की साधेपना, अन् म्या केलं की कचरेवाली?"

"मावशी, बसा. पाहुण्यांसमोर नको," अंकुश दबक्या आवाजात म्हणाला.

संघप्रियाने ओलं फडकं त्याच्यापुढे धरलं. "अंकुशदादा, आज तुमचा नंबर होता."

अंकुश भडकला. "मी नाही धरणार. आपल्या बापजाद्यांनी हे काम सोडलं ते आपण परत करायला? गावकीत गावाची घाण काय कमी काढली का त्यांनी? तुमची आई पण तेच बोलते. बाई लावा आणि विषय संपवा."

सभागृहात माना डोलल्या. इतकी चिडलेली असूनही रखमाची मानही डोलली. तीही इतके दिवस हेच तर सांगत होती.

"लावू," संघप्रिया म्हणाली. "कोणाची आई लावायची, ते सांगा."

मग एकेक करून सगळ्यांच्या नजरा रखमाकडे गेल्या. अंकुशची गेली, प्राचार्यांचीही गेली. कोणी ठरवून पाहिलं नाही. इतकी वर्षं तिने ज्यांचा रस्ता झाडला होता, त्यांना दुसरं कोणी सुचलंच नाही.

"माज्याकडं काय बगायलात?" रखमा म्हणाली, पण तिचा आवाज निम्माच फुटला.

संघप्रिया तेवढी तिच्याकडे बघत नव्हती. ती अंकुशसमोर फडकं धरून तशीच उभी होती, आणि फडक्याचं पाणी त्याच्या इस्त्रीच्या पँटवर ठिबकत होतं.