पडद्याकडं पाठ

मी कोल्हापूर सोडलं तेव्हा माझ्या वडिलांनी गाडीकडं पाठ केली होती.

मुंबईची गाडी सुटायला दोन मिनिटं होती. मी खिडकीत, गळ्यात हार, मांडीवर आईनं दिलेला कांदा-लसूण चटणीचा डबा. फलाटावर आई, थोरली बहीण आक्का, तालमीतले चार दोस्त. आणि अप्पा माझ्याकडं पाठ करून उभे. मी ओरडतोय, "अप्पा, ओ अप्पा, निघालो की!" त्यांनी न वळता नुसता हात वर केला, चौकातल्या पोलिसासारखा. गाडी हलली. मला शेवटी दिसला तो त्यांच्या सदऱ्यावरचा इस्त्रीनं करपलेला डाग.

हा प्रसंग मी पंचवीस वर्षं कॅनडात, विनिपेगमध्ये सादर करतोय. मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणाला गेलो की कुणीतरी म्हणतंच, "काका, ते पाठीचं करा ना." मी प्लेट खाली ठेवतो, वळतो, हात वर करतो. हशा ठरलेला. घरी येताना गाडीत मात्र हीटरचा तेवढा आवाज असतो. बायको टोरांटोला लेकीच्या बाळंतपणाला गेली ती नातवातच अडकली. फौंड्रीतली शिफ्ट संपवून मी ड्राइव्हवेवरचा बर्फ ओढतो आणि फावड्यालाच दोन विनोद सांगतो. फावडं हसत नाही. पण मध्येच फोनही बघत नाही, हा त्याचा मोठेपणा.

हसवायची खोड आमच्या घरात आबांपासूनची. आबा म्हणजे माझे आजोबा. मूकपटांच्या काळात ते कोल्हापुरात विनोदी चित्रपट काढायचे. मूळचे नाटक कंपनीतले शिंपी. राजाचा अंगरखा तोकडा झाला की प्रेक्षक तलवारबाजी सोडून अंगरख्यालाच हसतात, हे त्यांनी विंगेतून पाहिलं होतं. तेवढ्या एका शोधावर त्यांनी आठ-नऊ चित्रपट काढले.

चित्रपट थेटरात जायच्या आधी तालमीत दाखवला जायचा. समोर पैलवान, दूध घालणाऱ्या बायका, गल्लीतली म्हातारी माणसं. आबा पडद्याच्या कडेला स्टूल टाकून लोकांकडं तोंड करून बसायचे. मांडीवर पाटी, हातात कापडावर खुणा करायचा खडू. लोक हसले की रेघ, गप्प बसले की फुली. दुसऱ्या दिवशी फुलीचा तुकडा शिंप्याच्या कात्रीनं उडायचा. "पिच्चर मीच काढलाय," ते म्हणायचे, "त्यो बघून काय करू? त्येंच्या तोंडावर कसा दिसतोय, त्ये बघायचं."

मग बोलपट आले. आबांनी एक काढून पाहिला. त्यात माणसं इतकी बोलली की कुणाला हसायला सवडच मिळाली नाही. तालमीत पाटीभर फुल्या पडल्या. आबांनी पाटी पुसली, स्टूल बगलेत मारलं आणि मरेपर्यंत कोट शिवले. जुनी रिळं फिल्ममधली चांदी काढणाऱ्यांनी नेली. एक तेवढं अप्पांनी डब्यात घालून जपलं.

अप्पा गेल्यावर आक्कानं ते रीळ पुण्याला नेऊन साफ करून घेतलं आणि मला फाइल पाठवली. दहा मिनिटांचं काम. एक पैलवान उसना कोट घालून मुलगी बघायला जातो. कोट एवढा घट्ट की हात कोपरात वाकत नाही. समोर पोह्यांची बशी. ताठ हातानं तो शेजाऱ्याला भरवतो, भिंतीला भरवतो, स्वतःच्या तोंडापर्यंत काही पोचत नाही. शेवटी नवरी उठते, तीही मिशी काढलेला पैलवानच. एका झटक्यात ती बाही उसवते आणि त्याला घास भरवते. मग त्याची बैलगाडी निघते. संपलं.

मी बेसमेंटमध्ये मंडळातली वीस माणसं जमवली. मोठा टीव्ही, गरम समोसे, मी पहिल्या खुर्चीत. दहा मिनिटं कुणी हसलं नाही. शेवटी एक मुलगी म्हणाली, "क्यूट आहे." माणसं गेल्यावर मी खुर्च्या मिटत बसलो. ज्या आजोबांच्या नावावर मी आयुष्यभर हशे वसूल केले, ते विनोदी नव्हतेच की काय? मग मी इथं आणलं होतं तरी काय?

कोल्हापुरात, कसबा बावड्याला आक्काला फोन लावला. "आक्का, आबा न्हाय गं हसवत."

"तू कुठं बसलतास?"

"पुढं. टीव्हीसमोर."

"म्हंजे पिच्चर बघत बसलास. आबाचा नातू हैस का कोण पावणं? शनवारी गच्चीवर चादर लावतो. ये."

"कसा येऊ?"

"फोनवर ये की रं शाण्या!"

शनिवारी माझ्याकडं सकाळचे साडेसात, बाहेर उणे अठ्ठावीस. तिकडं नुकता अंधार पडलेला. फोनमध्ये चादर दिसेना, नुसती माणसं. "आक्का, फोन उलटा धरलायस."

"गप. बरोबर धरलाय."

पुढं आई, डोक्यावरून शाल. शेजारी साखर कारखान्यातून रिटायर झालेले सदाभाऊ, जे म्हणे स्वतःच्या लग्नातही हसले नव्हते. मागं दूधवाली शालन. सगळ्यांच्या तोंडावर पांढरा उजेड हलत होता. शालननं पदर तोंडाला लावला. मी ओळखलं, पोहे आले. भिंतीला घास गेला तेव्हा सदाभाऊ ओरडले, "आरं, भरवा की कुणीतरी त्येला!" गच्ची फुटली. मी चहा सांडला.

मग आईच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं. बैलगाडी निघाली असणार. तिनं अर्धवट हात वर केला, आणि तो तिथंच राहिला.

हे तोंड मी कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी फलाटावर ती माझ्यासमोरच उभी होती आणि मी एका सदऱ्यावरचा डाग बघत बसलो होतो. अप्पा तिच्याकडं तोंड करून उभे होते. माझं जाणं त्यांनी तिच्या तोंडावर पाहिलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

आई फोनवर वाकली. "बाळू, दिसलं का न्हाय रं तुला? हिनं फोन उलटाच धरलाता."

"दिसलं की, आई."

"परत लावतो," आक्का म्हणाली. "आता पडद्याकडं फिरवू?"

"नको. हाय तसाच धर."

तिकडं राहिलेले विचारतात, घर आठवतं का. इकडं आलेले विचारतच नाहीत. माझं घर आता एवढंच आहे: उजेडातली चार तोंडं, ज्यांना मी दिसत नाही. आक्कानं चित्रपट परत लावला. खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती. ते हसले की मी तिच्यावर बोटानं एक रेघ मारत होतो. रेघांमधून बाहेरचा बर्फ दिसत होता. काच भरली.

फुली एकही नाही.